हुर्लिमानची शिडी

आमचे पोलातदाजी दर शुक्रवारी कबरस्तानात माझ्या सासऱ्याच्या शिडीपाशी जाऊन का बसतात, हे कोडं मला कित्येक वर्षं सुटलं नव्हतं. सासरा माझा, शिडी सासऱ्याची, आणि तिथं डोळे मिटून बसणार कोण, तर माझ्या बहिणीचा नवरा! बरं, हयातीत दोघांचं पटायचं म्हणावं, तर तेही नाही. तोरेश म्हातारा, म्हणजे माझा सासरा, दाजींना तोंडावर 'चिखल्या' म्हणायचा, कारण दाजी उभा जन्म चिखलाच्या रंगाची नदी काढत बसले. दाजी त्याला पाठीमागे काय म्हणायचे ते मी सांगणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल बरं दिसत नाही.

एकदा मी विचारलंसुद्धा. "काय हो, माझ्या सासऱ्याशी एवढं काय गूज चालतं तुमचं? जिवंत होता तेव्हा तर लांबून दिसला की गल्ली बदलायचात."

"सावली बरी असते तिथं," दाजी म्हणाले.

आमच्या कबरस्तानात सावली! झाऊचं एक झुडूप नाही तिथं, उघडीबोडकी वाळूची टेकडी. पण मी आपल्या वाटेनं चालू लागले. त्या काळात मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि का, तेच आता सांगते.

दाजी शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा सुटली की खांद्याला रंगांची जाड कापडी थैली, काखेत फळी, आणि स्वारी निघाली अमू नदीच्या काठाला. लग्नाआधी जायचे, लग्नानंतरही जायचे. लेक शिरीन जन्मली, त्या दिवशीही काठावरच होते. बापाला बोलावून आणायला शेजारची मोटारसायकल पाठवावी लागली. सगळ्या गावाला वाटायचं, ह्या माणसाला नदीनं काहीतरी खाऊ घातलंय. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता अमू म्हणजे काही एका जागी नांदणारी नदी नव्हे. उन्हाळ्यात लांबच्या डोंगरांतलं बर्फ वितळून पाणी फुगलं, की ती काठ खायला लागते. आम्ही त्याला देगिश म्हणतो. खालून माती पोखरली जाते, वर भेग पडते, तोफ उडाल्यासारखा आवाज होतो आणि अख्खं खरबुजाचं शेत पाण्यात बसतं. आमचं अकजार गाव माझ्या डोळ्यांदेखत दोनदा मागं सरकलंय. देगिश जवळ आला की माणसं भिंती सोडून देतात, भिंती काय मातीच्याच. दारं, चौकटी, तुळया तेवढ्या उपटून गाडीवर घालतात आणि मागं जाऊन पुन्हा अकजारच बांधतात. त्यामुळे कुणी 'जुन्या गावात' म्हणालं, की आधी विचारावं लागतं, कुठल्या जुन्या?

आणि दाजींचं म्हणणं काय, तर "मी जन्मभर एकाच जागी बसून नदी काढली."

"कुठली हो एकच जागा?" मी चिडवायची. "तुमची जागा तर नदीच्या पोटात गेली."

"मग मी मागं सरकलो. जागा तीच."

हे गणित मला कधी समजलं नाही. शाळेच्या मोठ्या खोलीसाठी त्यांना एकदा नदीचं चित्र काढायला सांगितलं, तर यांनी आहे तसली काढली, मातकट, दूध जास्त झालेल्या चहासारखी. मोठे मास्तर म्हणाले, "पोलात, निळी कर रे, पाहुणे येणारेत." दाजी म्हणाले, "पाहुण्यांना नदीवर घेऊन या, नदी निळी झाली तर मी करतो." शेवटी मास्तरांनी तिथं कापसाच्या शेताचं छापील चित्र लावलं.

माझी थोरली बहीण हुर्लिमान ह्या माणसाच्या प्रेमात कशी पडली, हेही मला न उलगडलेलंच आहे. ती गडगडाटी बाई. हसली तर भिंतीवरच्या कोंबड्या उडायच्या. लग्नात मेहुणीचा मान म्हणून मी दारात दाजींची वाट अडवली. बाकीच्या मुली ओढण्या मागतात, बांगड्या मागतात. मी म्हटलं, "मला ताईचं चित्र हवं. काढून देणार असाल तर आत या." दाजींनी सगळ्यांसमोर शब्द दिला. बऱ्याच दिवसांनी चित्र आलं. बघते तर नदी!

"ताई कुठंय यात?"

"ती इथं काठावर बसली होती," दाजी बोट ठेवून म्हणाले. "उठून गेली."

मी कपाळाला हात लावला. हुर्लिमान मात्र पोट धरधरून हसली. नंतर नंतर तिचं हसू कमी झालं. "मला काढा ना हो एकदा," ती म्हणायची. दाजी म्हणायचे, "तू हलतेस." "आणि ती मेली नदी? तिला काय खुंटीला बांधलंय?" यावर दाजी थैली उचलून चालू लागायचे. ती अमूला माझ्याजवळ सवतच म्हणायची. चुलीपाशी बसलं तरी दारातून नदी दिसे, गोठ्यात गेलं तरी दिसे, अंथरुणातून मान वळवली तरी दिसे. "अर्झे," ती मला म्हणायची, "ह्या अकजारमध्ये एखादी तरी जागा असेल का गं, जिथून ही बया दिसत नाही?"

तिला कावीळ झाली आणि ती गेली. शिरीन तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती.

तिला पुरलं काठावरच्या कबरस्तानात. आमच्याकडे गेलेल्या माणसाला ज्या शिडीवरून नेतात, ती शिडी परत घरी आणत नाहीत. ती कबरीवरच राहते. वरती चढायला लागते म्हणतात, खरंखोटं त्यांनाच ठाऊक. हुर्लिमानची शिडी नवी होती, चिनाराच्या लाकडाची. दाजींनी स्वतः तासून केली होती.

त्यानंतर दाजींनी बसायची जागा बदलली. आता ते कबरस्तानात बसून नदी काढायला लागले. आईला ते आवडायचं नाही. घरी येऊन मला सांगायची, "अगं, तो शहाणा थैली तिच्या शिडीला टांगतो! मी म्हटलं, जावईबापू, गेलेल्या माणसाच्या शिडीला थैल्या टांगतात का? तर म्हणतो कसा, तिला सवय आहे सासूबाई, घरी तीच उचलून ठेवायची." हे सांगताना आई रागावलेली असायची आणि डोळेही पुसायची. मला कुणाची बाजू घ्यावी ते कळायचं नाही.

पण त्यांच्या चित्रांत एक फरक पडला. नदी तीच, पण आता काठावर एक चंदेरी पानांचं जिदेचं झाड असे, आणि झाडाखाली एक शिडी. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, जिवंतपणी नाही तर निदान आता माझी बहीण चित्रात आली. कबर झाडाखालीच असावी असं मी धरून चालले. मी काही रोज तिकडं जात नव्हते, सासऱ्याच्या कबरीकडे तर पुरुषच जायचे. ईदच्या दिवशी आईच्या पाठोपाठ रडत जायचं आणि रडत यायचं. झाड कुठं आणि काय कुठं, हे अशा वेळी कोण बघतं?

मग तो मोठा देगिश आला. भर दुपार, खरबुजं उतरवायचे दिवस. पहिला आवाज झाला तेव्हा आम्हाला वाटलं, पलीकडच्या काठाचं काही तरी कोसळलं. दुसरा झाला तेव्हा हातातल्या कपबशा हलल्या. कुणीतरी ओरडत आलं की कबरस्तानात भेग पडली.

अशा वेळी काय करायचं हे आमच्यात ठरलेलं आहे. गेलेल्यांना उकरून न्यायचं नाही. त्यांची शिडी आणायची. शिडी हाती लागली नाही, तर कबरीवरची मूठभर माती. ती नव्या कबरस्तानात रोवायची, दुवा म्हणायची, की झाली त्यांची जागा. शिडी नाही, मातीही नाही, तर मग त्या माणसाला जागा नाही. बायका घरं उपसत होत्या, गडीमाणसं शिड्यांसाठी धावली.

माझा नवरा कुतलीमुरात बापाची शिडी खांद्यावर घेऊन आला. घामानं न्हालेला, पण मान ताठ. एकेक जण येत गेला. दाजी सगळ्यांच्या शेवटी आले. काखेत एक चित्र. बाकी काही नाही. शिडी नाही, माती नाही. रंगांची थैलीसुद्धा नव्हती. पुढं लोक थट्टा करायचे की नदीला स्वतःचं चित्र स्वतः काढावंसं वाटलं, म्हणून तिनं रंग नेले.

आई रस्त्यात आडवी उभी राहिली. "जावईबापू, माझ्या लेकीची शिडी?"

दाजींनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "झाडाखाली नव्हती," म्हणाले.

"नव्हती म्हणजे? शिडीला काय पाय फुटले?"

"झाडाखाली नव्हती," पुन्हा तेवढंच.

मी तिथंच, सगळ्या गावासमोर म्हटलं, "चित्र वाचवलंत आणि बायको सोडलीत. तुमची नदी तुम्हाला लखलाभ!" दाजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता. परीक्षेत भलताच पेपर हातात पडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा. मला त्याचा आणखीच संताप आला.

आई त्याच सालच्या थंडीत गेली. शेवटी शेवटी विचारायची, "माझी हुर्लिमान कुठं ठेवलीत गं?" मी म्हणायची, "आहे, आई, आहे." काय सांगणार होते? नव्या टेकडीवर प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतं, माझ्या खडूस सासऱ्याचीसुद्धा ऐटीत जागा होती. माझ्या बहिणीची तेवढी नव्हती. गुरुवारी आम्ही गेलेल्यांच्या नावानं तेलात शेलपेक तळतो, पुरीसारखे. तळणीचा वास त्यांना पोचतो. मी हुर्लिमानच्या नावाचा पहिला शेलपेक कढईत टाकायची आणि मनात यायचं, बाई गं, हा वास पाठवू कुठं? पाण्यात? त्या सवतीच्या पोटात? तो विचार आला की मला कढईसमोर बसवत नसे.

दाजी मात्र पुन्हा काठावर जायला लागले. नवी थैली, नवे रंग, तीच नदी. काही वर्षांनी अमूनं अंग फिरवलं आणि ती पलीकडच्या काठाला जाऊन वाहायला लागली. जिथं ती होती तिथं वाळू पडली. तरी दाजी वाळू तुडवत जायचे. चित्रांत अजून ते जिदेचं झाड असायचं आणि ती शिडी. पण शिडी आता एका जागी राहत नव्हती. एका चित्रात झाडाखाली, दुसऱ्यात उतारावर, तिसऱ्यात खाऱ्या जमिनीच्या पांढऱ्या पट्ट्याजवळ. मला वाटायचं, म्हाताऱ्याची नजर गेली. कधी वाटायचं, हा मला मुद्दाम खिजवतो. आणि शुक्रवार आला की माझ्या सासऱ्याच्या शिडीपाशी ठिय्या! ह्या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मागच्या वर्षी माझा नवरा गेला. थंडीत दाजींना ताप भरला आणि तो उतरला तेव्हा त्यांचं काहीतरी बरोबर घेऊन उतरला. एका पायात बूट, एका पायात नाही, असे अंगणात उभे राहायचे. मला 'हुर्लिमान' म्हणून हाक मारायचे, मग आपणच गोंधळायचे. शिरीन शहरातून आली, म्हणाली, "मावशी, शरदात मी बाबांना घेऊन जाते." मी हो म्हटलं, पण माझा जीव टांगणीला लागला. त्या दिवशी काठावर काय झालं ते ह्या एका माणसाला ठाऊक. तो शहरात गेला, किंवा सगळंच विसरला, तर माझ्या बहिणीला कायमची जागा नाही. मग वाटलं, पुरे झाला हा अबोला. विचारायचंच.

गुरुवारी शेलपेक तळले, फडक्यात बांधले आणि गेले. दाजी भिंतीला टेकून चहा पीत होते. त्या दिवशी जरा ताळ्यावर दिसले.

"ये, मेहुणीबाई! आज कशी काय वाट चुकलीस?"

"वाट तुम्ही चुकलात, मी नाही. दाजी, भांडायला आले नाही. एकदाच विचारते. त्या दिवशी तुम्ही तिची शिडी का आणली नाहीत?"

त्यांनी शेलपेकचा तुकडा तोडला, चहात बुडवला आणि खाल्लाच नाही. "आणली की," ते म्हणाले.

"आता थट्टा नको हं."

"आणली होती, अर्झे. झाडाखालची. खांद्यावर घेऊन धावत सुटलो होतो. वाटेत कुतलीमुरात आला समोरून. म्हणाला, दाजी, ही माझ्या बापाची! मी म्हटलं, नाही रे, हुर्लिमानची. तो म्हणाला, पायरीला गुंडाळलेली ही तार बघा. त्यानं ओढली, मी सोडली. मागं वळलो तर मागं पाणीच होतं."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. कुतलीमुरात! मान ताठ करून आलेला माझा नवरा! 'मी नसतो तर बापाची शिडी गेली असती' हे मी जन्मभर ऐकलं होतं, पाहुण्यारावळ्यांसमोर ऐकलं होतं. "मला कधी बोलला नाही तो!" मी ओरडलेच.

"मीच सांगितलं होतं, बोलू नको. काय बोलायचं? मलाच कळत नव्हतं कुणाची ते. अजून कळत नाही. उन्हानं सगळ्याच शिड्या सारख्या काळ्या पडलेल्या, माझ्या डोळ्यांना ती हुर्लिमानचीच दिसली होती. कुतलीमुरात घाबरलेला होता, त्याचीच चूक झाली असेल. म्हणून मी जातो तिथं शुक्रवारी. म्हटलं, असलीच तर..."

तेव्हा मला ते सावलीचं कोडं सुटलं, आणि रडावं की हसावं तेच समजेना. हा माणूस इतकी वर्षं माझ्या सासऱ्यापुढं बसून बायकोशी बोलत होता! आणि तो म्हातारा खाली पडल्या पडल्या 'चिखल्या' म्हणत असणार!

"दाजी," मी म्हटलं, "ती शिडी आमचीच. आमच्या गोठ्यावर चढायची शिडी ती. म्हातारा मरताना सांगून गेला, नवी करू नका, लाकूड फुकट जातं, घरातलीच वापरा. त्या तारेनं माझा नवा झगा फाडलाय. मी ती तार अंधारात हातानं ओळखीन."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं त्यांचा एक घोळ मिटेल, पण मी त्यांच्याजवळ होतं तेवढंही काढून घेतलं होतं. मला फार वाईट वाटलं. "पण तुम्ही झाडाकडे धावलातच कशाला?" मी हळू आवाजात विचारलं. "झाडाखाली म्हातारा होता, तर हुर्लिमान कुठं होती?"

"तेच आठवत नाही. सगळ्या जागी घालून पाहिली तिची शिडी. उतारावर घातली, पांढऱ्या पट्ट्यावर घातली. प्रत्येक चित्र काढताना वाटतं, हीच जागा. दुसऱ्या दिवशी वाटतं, नाही."

"आधी झाडाखाली का काढत होतात? तिथं नव्हती तर?"

"तिथं चांगली दिसायची," दाजी म्हणाले आणि ओशाळले. "मी बसायचो तिथून ती चित्रात येतच नव्हती. म्हणून मी तिला उचलून झाडाखाली नेली. इतकी वर्षं तिला तिथंच काढली, की आवाज झाला तेव्हा पाय आपोआप तिकडंच धावले."

ह्याला काय म्हणावं? बाई जिवंत होती तेव्हा काढली नाही, मेल्यावर काढली ती दुसऱ्याच्या कबरीवर! माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं. "आणि ते चित्र? त्या दिवशीचं? ते कुठंय?"

"खराब झालं ते."

"मला बघायचंय."

"काय बघणार? मातीत पडलं होतं."

मी उठलेच. पेटीमागं, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. ओढून उजेडात आणलं. वरच्या बाजूला नदी होती, खाली अर्धं जिदेचं झाड, त्याखाली ती शिडी. आणि त्या सगळ्यावर माती. ओल्या रंगात रुतून बसलेली, करकरीत वाळलेली, बोटानं न सुटणारी माती. गवताची दोन पातीसुद्धा चिकटलेली होती.

"ही माती कुठली, दाजी?"

"बसलो होतो तिथली. आवाज झाला, मी धडपडून उठलो, चित्र पालथं पडलं. उचललं आणि धावलो."

"आणि थैली?"

"थैली राहिली. काढायला वेळ कुठं होता?"

"काढायला म्हणजे?"

"टांगलेली होती ना."

मला आई आठवली. डोळे पुसत, रागावत सांगणारी. "कशाला टांगली होती, दाजी?"

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मग चित्राकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, आणि तो हात हळूहळू वर गेला, बाजूला, खांद्याच्या थोडा वर, जिथं एखादी गोष्ट अडकवायला हात न बघता जातो तिथं. तसाच हवेत राहिला.

"तिला सवय होती," ते म्हणाले. आणि मग तो म्हातारा माणूस असा रडायला लागला, की शेजारची बाई धावत आली.

मीही रडले. ती त्यांच्या कोपराशी होती. सगळा वेळ तिथंच होती. तिच्या कबरीला टेकून बसायचे म्हणून तर ती चित्रात येत नव्हती.

बायराम मुल्लांना बोलावलं. दाजींनी रंग खरवडायची सुरी घेतली आणि पांढऱ्या फडक्यावर माती खरवडायला सुरुवात केली. माती एकटी निघेना. तिच्याबरोबर नदीचा मातकट रंग निघत होता, आभाळाचा निघत होता, झाडाचाही निघत होता. मी घाबरले. "मुल्ला, यात रंग मिसळलाय, चालेल का हो?"

"माती आहे ना?" मुल्ला म्हणाले. "बाकीचं वेगळं करायला वर अल्ला बसलाय."

मूठभर भरली. थोडी जास्तच.

शुक्रवारी टेकडीवर गेलो. माझ्या सासऱ्यापासून चांगली लांब, पलीकडच्या अंगाला जागा निवडली. मीच निवडली, हट्टानं. माती ठेवली, दुवा झाली, लोक खाली उतरले. दाजी खाली बसले, पाठ टेकायला काही नव्हतं म्हणून जरा चाचपडले, आणि सवयीनं समोर बघायला लागले. मग डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. चेहरा पुन्हा तसाच गोंधळलेला.

"अर्झे, इथून नदी दिसत नाही गं."

"दिसत नाहीच," मी म्हटलं. "मी बघूनच निवडलीय. तिला अशीच जागा हवी होती."

दाजींनी ठेवलेल्या मातीवरून हात फिरवला. मग हसले. किती वर्षांनी हसताना बघितलं मी त्यांना!

शिरीनला मी आता कळवलंय की बाबांना न्यायला एवढ्यात येऊ नको. दाजींचं डोकं दिवसेंदिवस जास्तच फिरतंय. काल रस्त्यात मलाच विचारत होते, शाळा किती वाजता सुटते म्हणून. काठावर जायचं विसरलेत. पण थैली खांद्याला असते, आणि सकाळ झाली की माझ्या अंगणात येऊन उभे राहतात. कधी मला ओळखतात, कधी नाही. प्रश्न मात्र एकच.

"बाई, हुर्लिमान कुठं आहे, तुम्हाला ठाऊक आहे का?"

मी पीठ मळत असले तरी हात धुते, डोक्यावर रुमाल घेते. "आहे की," म्हणते. "चला, दाखवते."